पेपर तपासणीला संगणकाची साथ

लेखी उत्तरपत्रिका तपासणे हे दिसायला एक काम असले, तरी त्यात दोन वेगळी कामे गुंतलेली असतात. पहिले काम वाचण्याचे आणि ठरवण्याचे: विद्यार्थ्याने काय लिहिले, ते कितपत बरोबर आहे आणि त्याला किती गुण द्यायचे. दुसरे काम निव्वळ कारकुनी: सगळे उपप्रश्न तपासले गेले का, पुरवणी सुटली नाही ना, आतल्या पानांवरचे गुण मुखपृष्ठावरच्या तक्त्यात नीट उतरले का, बेरीज जुळते का. संगणकाने पेपर तपासणे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पहिले काम करणारे यंत्र येते. प्रत्यक्षात आजवर संगणकाचा खरा उपयोग दुसऱ्या कामात झाला आहे. पहिल्या कामात तो सहसा निर्णय घेत नाही. निर्णय घेणाऱ्या माणसावर लक्ष ठेवतो.

कागदावरची पद्धत आधी पाहिली पाहिजे. वालचंदनगरच्या एखाद्या केंद्रावर दहावीच्या विज्ञानाचा पेपर झाला की उत्तरपत्रिकांची मोजदाद होते आणि मोहोरबंद गठ्ठे परिरक्षकाकडे जातात. वालचंदनगरचा इंदापूर तालुका राज्य मंडळाच्या पुणे विभागात येतो. पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांचे गठ्ठे या विभागातून परीक्षकांकडे पोहोचतात. परीक्षक शिक्षकच असतो. त्याने तपासलेल्या पेपरांपैकी काही नियामक पुन्हा पाहतो आणि नियामकाच्या कामावर मुख्य नियामकाची नजर असते. विद्यार्थी कोण हे परीक्षकाला कळू नये म्हणून बैठक क्रमांकाऐवजी बारकोड पुढे जातो. राज्यात दहावीला दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी बसतात आणि प्रत्येकाचे अनेक पेपर असतात. म्हणजे कोटीच्या घरातल्या उत्तरपत्रिका काही आठवड्यांत हाताने तपासल्या जातात. एवढ्या व्यापात बेरजेच्या चुका होणारच. त्या किती होतात यापेक्षा आणखी जास्त होत नाहीत याचेच आश्चर्य वाटावे.

बेरजेची चूक निदान सापडते तरी. परीक्षकापरीक्षकांतला फरक सापडत नाही, कारण एका पेपरला सहसा एकच परीक्षक गुण देतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातले डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या हुबेहूब प्रती अनेक शाळांना पाठवल्या. १४२ शिक्षकांनी त्या तपासल्या. शंभरपैकी एका उत्तरपत्रिकेला ६४ पासून ९८ पर्यंत, तर दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत गुण पडले. भाषेचा विषय म्हणून असे झाले असेल, असा आक्षेप निघाला. मग दोघांनी भूमितीचा पेपर घेतला. त्यात गुण २८ पासून ९० च्या पुढपर्यंत पसरले.

वालचंदनगरच्या कारखान्यात पीएसएलव्ही आणि जीएसएलव्ही अग्निबाणांच्या मोटारींची आवरणे तयार होतात. एकाच आवरणाचे माप दोन तपासनिसांनी घेतले आणि आकडे जुळले नाहीत, तर आधी मोजमापाचे साधनच तपासले जाते. पेपर तपासणीत मोजमापाचे साधन म्हणजे परीक्षक स्वतः, आणि दुसरे माप घेतले जात नसल्यामुळे आकडे जुळत नाहीत हेच कुणाला कळत नाही.

हा फरक कुठून येतो हे दोन गुणांच्या एका प्रश्नात दिसते. ‘थंड प्रदेशात तलावाचे पाणी गोठले तरी मासे जिवंत राहतात, कारण द्या’ हा दहावीच्या विज्ञानात शोभणारा प्रश्न आहे. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते; त्यामुळे ४ अंशाचे पाणी तळाशी राहते, त्याहून थंड पाणी वर येते, बर्फ पृष्ठभागावर धरतो आणि तळाचे पाणी द्रवरूपच राहते, हे अपेक्षित उत्तर. आता एका मुलाने लिहिले, ‘बर्फ पाण्यावर तरंगतो आणि खाली पाणीच असते म्हणून मासे मरत नाहीत.’ लिहिलेले सगळे खरे आहे, पण ४ अंशांचा उल्लेख नाही आणि घनताही नाही. एक परीक्षक एक गुण देईल, दुसरा दीड, आणि कडक शिस्तीचा तिसरा अर्ध्यावर थांबेल. तिघांनाही चूक ठरवता येणार नाही. त्यात अक्षर, थकवा आणि आधीच्या पेपराची छाया यांची भर पडते. उत्तम पेपरानंतर हाती आलेला बरा पेपर सामान्य वाटतो. चौतिसावर अडकलेल्या पेपरात परीक्षक पुन्हा मागे जाऊन एखादा गुण शोधतो, एक्केचाळीसवाल्यात शोधत नाही. ही माणुसकी आहे आणि ती तशीच राहावी असे अनेकांना वाटेल. पण ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही.

विद्यार्थ्याला हा फरक तपासून घेण्याचा हक्क मिळायला बराच काळ लागला आणि त्यातला महत्त्वाचा खटला महाराष्ट्राचाच आहे. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याची आणि तिचे पुनर्मूल्यांकन मागण्याची मुभा राज्य मंडळाचे नियम देत नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला, पण परितोष भूपेशकुमार शेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो फिरवला आणि मंडळाचे नियम वैध ठरवले. लाखो उत्तरपत्रिका पुन्हा उघडल्या तर निकालाला अंतच राहणार नाही, ही व्यवहारातली अडचण त्या निकालामागे होती. पुढे माहिती अधिकाराचा कायदा आला आणि ऑगस्ट २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात त्याच न्यायालयाने परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल असे सांगितले. आज राज्य मंडळात गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन अशा तीन पायऱ्या आहेत. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही. म्हणजे शेवटी प्रश्न उत्तरपत्रिकेच्या प्रतीचाच आला, आणि प्रत काढणे हे संगणकाचे हातखंडा काम.

ऑनस्क्रीन मार्किंग म्हणून ओळखली जाणारी पद्धत या प्रतीपासूनच सुरू होते. उत्तरपत्रिकेची शिवण किंवा कडा कापून पाने सुटी केली जातात आणि ती वेगवान स्कॅनरमधून जातात. स्कॅनर बारकोड वाचतो, पाने मोजतो आणि मुखपृष्ठावरची ओळख झाकून टाकतो. पुरवणी, आलेखकागद, भूगोलाची नकाशा-पुरवणी हे सगळे त्याच बारकोडखाली जोडले जावे लागते, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. शिसपेन्सिलीने काढलेली फिकट आकृती स्कॅनमध्ये उडून जाते. पुरवणी उलटी किंवा दुसऱ्याच गठ्ठ्यात लागते. एका पानावरची शाई दुसऱ्या बाजूला उतरलेली असते. म्हणून स्कॅनरशेजारी प्रत्येक प्रतिमा डोळ्यांखालून घालणारा माणूस बसवावा लागतो. या खोलीवर जे खर्च करत नाहीत, ते पुढे निकालावर खर्च करतात.

परीक्षक ठरलेल्या केंद्रातल्या संगणकावर लॉगिन करतो. पडद्याच्या एका बाजूला पान, दुसऱ्या बाजूला प्रश्नांची यादी आणि गुणांचे रकाने. तो बरोबरच्या खुणा करतो, गुण टिपतो. बेरीज आपोआप होते. ‘कोणतेही पाच सोडवा’ अशा प्रश्नात मुलाने सात सोडवले असतील, तर सगळे तपासून सर्वांत चांगले पाच मोजण्याचा नियम प्रणालीत आधीच घालता येतो. कागदावर हा हिशेब परीक्षकाच्या सावधपणावर सोडलेला असतो. शून्य गुण आणि ‘सोडवलाच नाही’ या वेगळ्या नोंदी होतात. एखादे पान उघडलेच नसेल तर पेपर जमा करता येत नाही. एवढ्यानेच न तपासलेला प्रश्न, चुकलेली बेरीज आणि तक्त्यात उलटसुलट उतरलेले गुण हे तिन्ही प्रकार जवळजवळ संपतात. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे काही लागत नाही.

या पद्धतीचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा आणि सर्वांत वाईट गाजलेला प्रयोग मुंबई विद्यापीठाचा, २०१७ च्या उन्हाळी परीक्षांचा. त्याला पार्श्वभूमी होती. मे २०१६ मध्ये अभियांत्रिकीच्या उत्तरपत्रिका विद्यापीठातून बाहेर नेऊन विद्यार्थ्यांकडून पुन्हा लिहून घेतल्याचे प्रकरण भांडुप पोलिसांनी उघडकीस आणले आणि विद्यापीठाच्याच कर्मचाऱ्यांना अटक झाली. उत्तरपत्रिका एकदा स्कॅन झाली की कागदाला हात लावून काही साधत नाही, त्यामुळे ऑनस्क्रीन मार्किंग हा त्या रोगावरचा बरोबर उपाय होता. अभियांत्रिकीच्या काही परीक्षांत विद्यापीठाने तो वापरलाही होता. शेजारच्या कर्नाटकात, बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठानेही मुंबईआधीच पडद्यावरच्या तपासणीकडे पाऊल टाकले होते. मुंबईची गत वेळेने केली.

तत्कालीन कुलगुरू संजय देशमुख यांनी एकाच हंगामात सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. ४७७ परीक्षा होत्या आणि सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका. परीक्षा सुरू झाल्या तरी काम कोणती कंपनी करणार हे ठरलेले नव्हते. कंत्राट एप्रिलच्या अखेरीस दिले गेले. तोवर तृतीय वर्षाचे गठ्ठे विद्यापीठाच्या कलिना संकुलात येऊन पडले होते. स्कॅनिंग मागे पडले. प्राध्यापकांचे लॉगिन चालेना, चालले तर भलत्याच विषयाच्या उत्तरपत्रिका समोर येऊ लागल्या, कुणाची पुरवणी मुख्य उत्तरपत्रिकेपासून तुटली. हजारो प्राध्यापकांना नवी पद्धत घाईघाईत शिकावी लागली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे निकाल ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. इथे जुलै उजाडला तरी बहुतेक निकाल बाकी होते.

राज्यपाल आणि कुलपती सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घातली. दुसऱ्या विद्यापीठांतले प्राध्यापक मदतीला आले, महाविद्यालयांचे नेहमीचे वर्ग थांबवून तपासणी झाली, तरीही मुदत टळली. पदव्युत्तर आणि परदेशी प्रवेशांची वाट पाहणारे विद्यार्थी अडकून पडले. शेवटचे निकाल सप्टेंबरमध्ये लागले. देशमुख यांना आधी रजेवर पाठवण्यात आले. शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू देवानंद शिंदे यांनी अतिरिक्त कार्यभार सांभाळला. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी देशमुख यांना पदावरून दूर केले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले.

या सगळ्याचा दोष तेव्हा संगणकाच्या माथी मारला गेला, तो मात्र फारसा खरा नाही. प्रणालीने गुण चुकीचे दिले अशी मुख्य तक्रार नव्हतीच. तक्रार कापणी, स्कॅनिंग, बारकोड, प्रशिक्षण आणि वेळापत्रक यांची होती. कागदाचे काम ज्या शिस्तीने करायचे, तीच शिस्त लागली असती. फक्त ती परीक्षेच्या आधी सहा महिने लावायला हवी होती. मुंबई विद्यापीठाने पुढेही ही पद्धत टाकून दिली नाही, यावरूनही ते दिसते.

पडद्यावरच्या तपासणीचा याहून मोलाचा भाग मुंबईच्या गदारोळात चर्चेलाच आला नाही. कागदाचा गठ्ठा एका परीक्षकाचा असतो; प्रतिमा मात्र कितीही जणांना वाटता येते. त्यामुळे एका मुलाचा पेपर एकाच परीक्षकाकडे देण्याऐवजी प्रश्न वाटता येतात. एक परीक्षक शेकडो मुलांचा फक्त तिसरा प्रश्न तपासतो, दुसरा फक्त चौथा. पहिल्या उत्तरात मुलाने मारलेली छाप, चांगली किंवा वाईट, पुढच्या उत्तरांवर पडत नाही आणि एका परीक्षकाचा कडकपणा संपूर्ण पेपरभर एकाच मुलाला भोवत नाही. मात्र एकच प्रश्न दिवसभर तपासण्याचा कंटाळा परीक्षकाने सोसायचा, हे या पद्धतीतले न सांगितलेले मोल आहे.

दुसरी युक्ती इंग्लंड आणि हाँगकाँगसारख्या ठिकाणच्या परीक्षा मंडळांत रुळलेली आहे. हंगामाच्या सुरुवातीला ज्येष्ठ परीक्षक काही खऱ्या उत्तरांना एकत्र बसून, वाद घालून गुण ठरवतात. ही आधीच गुण ठरलेली उत्तरे मग इतर उत्तरांत मिसळून परीक्षकांकडे पाठवली जातात. समोरचे उत्तर साधे आहे की कसोटीचे, हे परीक्षकाला कळत नाही. त्याचे गुण ठरलेल्या गुणांपासून वारंवार दूर जाऊ लागले की प्रणाली मुख्य परीक्षकाला कळवते. त्याच्याशी बोलणे होते आणि तरीही फरक पडला नाही तर त्याचे काम थांबवून आधीचे पेपर दुसऱ्याकडे देतात. वरच्या माशांच्या प्रश्नात ‘घनतेचा उल्लेख नसेल तर जास्तीत जास्त एक गुण’ असे ज्येष्ठांनी ठरवले असेल, तर दीड गुण देणारा परीक्षक गठ्ठा संपण्याआधीच ताळ्यावर येतो. आपल्याकडे नियामक हेच काम करतो, पण तपासणी झाल्यावर आणि थोड्या पेपरांवर. दुहेरी तपासणीही पडद्यावर स्वस्त पडते: दोन परीक्षक एकमेकांचे गुण न पाहता तपासतात आणि फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर उत्तर तिसऱ्याकडे जाते.

गुण देण्याचे काम यंत्राकडेच सोपवण्याचा विचारही नवा नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातले एलिस पेज यांनी १९६६ मध्ये संगणकाने निबंध तपासण्याची कल्पना मांडली आणि तशी प्रणाली उभारली. ती निबंध समजून घेत नव्हती. निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, विरामचिन्हे अशा मोजता येणाऱ्या गोष्टी आणि माणसांनी दिलेले गुण यांच्यातला संबंध ती शोधत असे. १९९९ मध्ये जीमॅट परीक्षेत ‘ई-रेटर’ नावाची प्रणाली माणसाच्या जोडीने निबंधांना गुण देऊ लागली. तिथली रचना पाहण्यासारखी होती: एक गुण माणसाचा, एक यंत्राचा, आणि दोघांचे जमले नाही तर आणखी एक माणूस. यंत्र इथे दुसऱ्या परीक्षकाचा पगार वाचवत होते. अशा यंत्रांना फसवता येते हे एमआयटीतले लेस पेरेलमन यांनी २०१४ च्या सुमारास दाखवले. त्यांच्या ‘बेबेल’ या प्रोग्रामने भारदस्त शब्दांचे निरर्थक निबंध तयार केले आणि गुण देणाऱ्या प्रणालींनी त्यांना चांगले गुण दिले.

मराठी उत्तरांसाठी अडचण त्याच्याही आधी सुरू होते. यंत्राने उत्तर जोखायचे तर आधी हस्ताक्षर वाचता आले पाहिजे. घाईत लिहिणारी मुले शिरोरेषा देत नाहीत, आणि ध व घ, भ व म यांच्यातला फरक बराचसा शिरोरेषेवरच उभा असतो. विज्ञानाच्या पेपरात ‘धन’ आणि ‘घन’ यांची अदलाबदल झाली तर विद्युतप्रभाराचा पदार्थाच्या अवस्थेशी घोळ होतो. ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ असा सुटतो. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, वेलांटी मागच्या ओळीत घुसते. मराठीच्या शिक्षकाला हे सगळे सवयीने वाचता येते. तो अर्थ धरून अक्षर ओळखतो.

अक्षर वाचता आले तरी शब्द जुळवून भागत नाही. ‘घनता’ हा शब्द उत्तरात घनतेचा, घनतेमुळे, घनतेपेक्षा असा रूप बदलून येतो. तेवढे व्याकरण यंत्राला शिकवता येते. पण ‘पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वांत कमी असते, बर्फ वर तरंगतो व मासे तळाशी जगतात’ या उत्तरात अपेक्षित सगळे शब्द आहेत आणि मुख्य विधान नेमके उलटे आहे. शब्द मोजणारी प्रणाली त्याला पूर्ण गुण देईल. अलीकडची भाषा प्रारूपे असा उलटेपणा बऱ्याचदा ओळखतात. बऱ्याचदा, नेहमी नव्हे. शिवाय तेच उत्तर पुन्हा दिले तर ती वेगळे गुणही देऊ शकतात. परीक्षकापरीक्षकांतल्या ज्या फरकापासून सुटका हवी होती, तोच दुसऱ्या दाराने आत येतो. विद्यार्थ्याने ‘मला दीडच का?’ असे विचारले, तर परीक्षक कारण देतो आणि त्या कारणाची जबाबदारीही घेतो. यंत्र कारण लिहून देते, जबाबदारी कुणाची हे मोकळेच राहते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांचे मूल्यमापन करणाऱ्या अशा प्रणालींना जास्त जोखमीच्या वर्गात घातले आहे आणि त्यांच्यावर माणसाची देखरेख बंधनकारक केली आहे.

तरीही माणसाच्या पाठीमागे उभे राहून यंत्राला बरेच काही करता येते. एकसारखी वाटणारी उत्तरे ते शेजारी आणून ठेवू शकते, म्हणजे परीक्षक एकाच तऱ्हेच्या वीस उत्तरांना सलग आणि सारखे गुण देतो. दोन पेपरांतली शब्दशः जुळणारी उत्तरे ते दाखवू शकते. कॉपीचा संशय घ्यायचा की नाही हे माणूस ठरवतो. एखाद्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्याच मुलांना शून्य मिळत असेल, तर चूक मुलांची नसून प्रश्नाची असावी, हे तपासणी चालू असतानाच लक्षात येते आणि आदर्श उत्तर सुधारता येते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२६ च्या परीक्षेपासून बारावीच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचे जाहीर केले. दहावीची तपासणी कागदावरच ठेवली. महाराष्ट्र राज्य मंडळाची तपासणी मुख्यतः कागदावरच चालते. वालचंदनगर, इंदापूर, बारामतीच्या शाळांतल्या परीक्षकांना पडद्याकडे वळायचे झाले तर चांगले पडदे, अखंड वीज, भरवशाचे इंटरनेट आणि आठवडाभर आधी सरावासाठी उघडलेली प्रणाली एवढे तरी लागेल. एप्रिलच्या उन्हात वीज गेली की तपासलेले गुण जपून ठेवणारी व्यवस्थाही लागेल. हे सगळे जमले की पुनर्मूल्यांकनाचे रूपच बदलते. छायाप्रतीसाठी गोदामातला गठ्ठा शोधावा लागत नाही. प्रतिमा त्याच दिवशी विद्यार्थ्याला पाठवता येते. आणि ती दुसऱ्या परीक्षकाला दिली जाते तेव्हा कोरी असते. कागदावर पहिल्या परीक्षकाच्या लाल शाईचे आकडे झाकावे लागतात. इथे ते मूळ प्रतिमेवर कधी लिहिलेलेच नसतात.